आठ बोटं रुंद

माझा नवरा टायटस डोक्याने चांगला आहे, पण ते डोकं एकदा कामाला लागलं की घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. अख्खा मार्च आमच्या जेवणाच्या टेबलावर बर्फावरच्या गाडीचं, स्नोमोबिलचं, पुढचं सस्पेन्शन पसरलं होतं. पुढच्या घसरपट्ट्या धरणारे जुने लोखंडी आर्म काढून टाकले, नवे हलक्या धातूचे विमानाने मागवले. निम्म्या वजनाचे आणि दुप्पट मजबूत, हे तो मला रोज सांगायचा. मी सीलचं मांस कापत असले तरी सांगायचा. शिवाय हादरे गिळणारे नवे शॉक. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवत होतो.

हा सगळा खटाटोप सासऱ्यांसाठी. बाबांचा मणका दोन वर्षांपूर्वी दबला आणि नर्सबाईंनी हादरे बंद म्हणून सांगितलं. ईस्टरला आमचा सगळा गाव गोठलेली खाडी ओलांडून तळ्यावरच्या आपापल्या खोपटात जातो, बर्फाला भोकं पाडून ट्राउट मासे धरतो. मागे उरतात कुत्री. गेली दोन वर्षं कुत्री आणि बाबा.

"मागे ओढायच्या कोमाटिक घसरगाडीवर पेटी बांधतो," टायटस त्यांना म्हणाला होता. "आत गादी घालतो. माझ्या मशीनमागे आरामात पडून चला."

"पेटीत घालून न्याल तेव्हा मी वाद घालणार नाही," बाबा म्हणाले. "तोवर हँडल माझ्या हातात."

यंदा त्यांना एक्क्याऐंशीवं लागलं. ते खिडकीतून खाडीकडे बघत बसायचे आणि मला कामात लक्ष लागायचं नाही. त्यांना एकदा तिथे पोचलेलं बघायचं होतं मला, दुसरं काही नको होतं. म्हणून टेबलाबद्दल मी फार बोलले नाही. थोडं बोलले.

काम झालं तसं बाबांनी मशीन खाडीवर फिरवून आणली. बर्फाच्या उंचवट्यांवरून गेले, परत आले, उतरले.

"बरी आहे," म्हणाले.

पन्नास वर्षांत टायटसच्या कुठल्याही कामाला त्यांनी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं. टायटस त्या रात्री दोनदा जेवला.

गुड फ्रायडेला सकाळी निघालो. पुढे बाबा, मागे दुसऱ्या मशीनवर आम्ही दोघं, आमच्यामागे सामानाची कोमाटिक. खाडी छान पार पडली. मग खिंड आली.

खिंडीत अर्धा मैल दाट झाडी आहे आणि एकच वाट. डिसेंबरपासून सगळा गाव त्याच वाटेने जातो, त्यामुळे पुढच्या घसरपट्ट्यांच्या, म्हणजे स्कींच्या, दोन खोल चाकोऱ्या पडून दगडासारख्या गोठतात. गावातल्या मशीन सगळ्या जवळपास एका मापाच्या. बाबांची सोडून. नवे आर्म दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं लांब होते, म्हणजे दोन स्कींमधलं अंतर आठ बोटं जास्त. रुंद केली की मशीन कलंडत नाही, असं कॅटलॉगात छापलं होतं. कॅटलॉगवाले आमच्या खिंडीत कधी आले नसावेत.

बाबांची एक स्की चाकोरीत उतरली, दुसरी कडेवर चढली. मशीन वाकडी झाली आणि वाकडीच चालली. शंभर पावलांवर ते थांबले. चेहरा पांढरा पडला होता, हँडलवरचे हात सुटत नव्हते.

टायटसने गुडघ्यावर बसून बोटांनी माप घेतलं. "मी सगळं मोजलं होतं गं."

"मशीन मोजलीस," मी म्हणाले. "वाट कुणी मोजायची होती?"

झाडीत घालावी तर कमरेएवढा भुसभुशीत बर्फ. मला रडूच आलं, आणि त्याचा राग टायटसवर निघाला. जे बोलले ते इथे सांगत नाही.

"परत फिरवा," बाबा म्हणाले. आवाजात काहीच नव्हतं. तेच वाईट होतं.

टायटस उठला. कोमाटिकवरून कुऱ्हाड काढली आणि एका बाजूची कड फोडायला लागला. मी फावडं घेतलं. वीस पावलं मोकळी झाली की बाबा वीस पावलं मशीन पुढे घ्यायचे आणि थांबायचे. मध्ये एकदा म्हणाले, "डावीकडे राहिलंय." टायटस मागे येऊन डावीकडचं फोडून गेला.

तासाभराने शेजारचा सायलस मागून येऊन अडकला.

"काय रे टायटस, रस्तेखात्यात चिकटलास का?"

"हो. तुलाही लावून घेतो, ये."

सायलसने वाटेकडे बघितलं, मग बाबांकडे. "आता आमच्या मशीन डुगडुगणार की रे या वाटेत," म्हणाला आणि कुऱ्हाड घेऊन पुढे झाला.

अर्ध्या मैलाला सात तास लागले. ऊन उतरताना बाबा खोपटाच्या दारात पोचले. मशीनवरून स्वतः उतरले. कुणी हात दिला नाही, कारण द्यायला गेलो असतो तर शिव्या खाल्ल्या असत्या. सायलस आपल्या खोपटाकडे निघून गेला.

मी शेगडी पेटवून चहा केला. टायटसच्या तळहातांची सालं निघाली होती. कप धरला की हात थरथरायचे आणि चहा पँटवर सांडायचा. दोनदा सांडला. तिसऱ्यांदा बाबा पाठ धरत उठले, त्याच्या शेजारी येऊन बसले आणि कप त्याच्या हातातून काढून घेतला. मला वाटलं, आता ओरडणार.

"आ कर," बाबा म्हणाले, आणि फुंकर मारून कप त्याच्या ओठांना लावला.

टायटस छप्पन्न वर्षांचा आहे. त्याने आ केला.