देवपुरातलं स्वयंपाकघर

"आपा, टिकली लावून घे," रूपाली म्हणाली.

धुळ्यात पांझरेच्या पुलावर गाडी अडकली होती. रूपालीने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि जीनतच्या मांडीवर टाकलं. जीनतने ते उचललं नाही.

"आणि नाव पुनम सांगायचं. मागे एरंडोलला केवढा घोळ झाला! शुद्धी करायला बोलावलं आणि बाई कुठली आणली, म्हणे."

"एरंडोलला घासलं कोणी होतं? मीच ना?"

"माझ्या मनात काही आहे का, आपा? गिऱ्हाईक विचारतं. जरा मागेपुढे केलं की दुसऱ्याला फोन लावतं. आणि दुसरे आता थोडे का आहेत?"

ते खरं होतं. जीनतने हे काम धरलं तेव्हा दुसरं कोणीच नव्हतं. जळगावात एका खासगी हॉस्पिटलात ती आया होती. कोरोनात नवरा गेला, पाठोपाठ नोकरी गेली. त्याच सुमारास मेहरूणमध्ये तिच्याच गल्लीत एका भाडेकरूचा खून झाला. पोलिसांनी पंचनामा केला, प्रेत नेलं आणि काही दिवसांनी खोलीची किल्ली घरमालकाच्या हातात दिली. रक्त तसंच होतं. रक्त पोलीस पुसत नाहीत, हे घरमालकाला तेव्हा कळलं, आणि जीनतलाही. धुण्याभांड्याच्या बाया दारातूनच परतल्या. जीनत पदर खोचून आत गेली.

मग ठाण्यातले हवालदार पुना नाना लोकांना तिचा नंबर देऊ लागले. खून, गळफास, बंद घरात कुजलेली म्हातारी माणसं. सख्खी पोरं नाकाला रुमाल लावून अंगणात उभी राहायची आणि जीनत आत जायची. हाताखाली तिने रूपालीला घेतलं. रूपालीचा नवरा तिला टाकून गेला होता. पहिल्या कामाला ती मोरीत सारखी ओकत होती आणि जीनत तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

पण पुना नाना निवृत्त झाले. शवागाराबाहेर कार्डं वाटणारी माणसं उभी राहू लागली. अॅम्ब्युलन्सवाल्यांचे मेहुणे धंद्यात शिरले. नाशिकची एक कंपनी यंत्रं आणि पांढरे झगे घेऊन आली. रूपालीनेही वेगळं होऊन गाडी घेतली, तिच्यावर 'स्वच्छता व शुद्धी' असं रंगवून घेतलं. सफाईबरोबर गोमूत्र, शांतीची पूजा, गुरुजी, सगळं एकाच फोनवर. तिचा फोन वाजत राहिला, जीनतचा वाजायचा थांबला. शेवटी जीनतनेच तिला फोन करून काम मागितलं होतं.

पुलावरची गर्दी हलली. जीनतने आरशात न बघताच टिकली लावली.

देवपुरातलं घर नवं होतं. निवृत्त कारकून जीवराम फाटकाशीच उभे होते. त्यांच्या मुलाने, दीपकने, स्वयंपाकघरात आपल्या बायकोला, सुलक्षणाला, विळ्याने मारलं होतं. तो कोठडीत होता. पोलिसांनी खोली मोकळी करून दिली होती.

"दुपारी तिची आई सामान न्यायला येणार आहे," जीवराम म्हणाले. "त्याच्या आत सगळं उरका. डाग दिसता कामा नये. तिने बघितलं तर गावभर सांगत फिरेल." मग जरा थांबून म्हणाले, "पोरगा वाईट नाही हो माझा. रागीट आहे, एवढंच."

जीनतने बादली उचलली. तोंडाला फडकं बांधून ती आत गेली. रूपाली पूजेचं सामान मांडायला ओसरीवर थांबली.

ओट्यावर भिजवलेल्या डाळीला बुरशी आली होती. फुटलेल्या बांगड्या फरशीला चिकटल्या होत्या. जीनतने आधी सगळं पाण्याने फुगवलं, मग खरवडायला घेतलं. भिंत झाली, ओटा झाला. फ्रिजच्या दारावर, अगदी खाली, एक हात उमटला होता. पाची बोटं स्पष्ट. पडल्यावर सुलक्षणा उठायला बघत होती. जीनतने ते दार आणि त्याच्यासमोरची फरशी शेवटावर टाकली.

तेवढ्यात मागचं दार ढकलून एक बाई आत आली. नऊवारी, चेहरा रडून सुजलेला. पुढच्या दाराने येऊ देणार नाहीत, हे तिला ठाऊक असावं.

"मनी पोर कोठे पडनी व्हती?" तिने अहिराणीत विचारलं.

असं विचारणाऱ्यांना जीनत एरवी सांगायची, मला नाही माहीत. आज तिच्या तोंडून ते निघेना. तिने फ्रिजकडे हात केला.

सुलक्षणाची आई, भागाबाई, खाली बसली. जीनतच्या हातातलं फडकं तिने ओढून घेतलं.

"मावशी, तुम्ही नका. मी करते ना."

"जनमनी तवय तिले मीच न्हाऊ घाले. आते हाईबी मीच करसू. तू पानी दे."

बाहेरून जीवरामांचा आवाज आला, "आत कोण आहे?" मग रूपालीची हाक, "पुनमताई! पुनमताई, काय चाललंय?" जीनत उठली आणि तिने ओसरीकडच्या दाराला कडी घातली. मागच्यालाही घातली. मग बादली घेऊन ती भागाबाईशेजारी बसली.

जीनतने दिलेले हातमोजे भागाबाईच्या बांगड्यांवरून जाईनात. तिने ते फेकून दिले. ती फरशी पुसत होती, जीनत पाणी बदलत होती. दारावर थापा पडत होत्या. फ्रिजपाशी आल्यावर भागाबाईने आपला हात त्या हातावर ठेवला. लेकीचा हात तिच्या हाताखाली पुरता झाकला गेला. जीनतने तिकडे बघायचं टाळलं. मग भागाबाईने तोही पुसला.

"तुनं नाव काय शे, माय?"

दारापलीकडे रूपाली होती.

"पुनम," जीनत म्हणाली.

"तुनं कुकू अमर ऱ्हावो, पुनम."

जीनतने मान खाली घातली आणि कडी काढायला उठली.

जीवराम दारातच ओरडले, "हिला आत कोणी घेतलं? तुम्हाला कशाला बोलावलं होतं मी?"

"काका, चुकलं," रूपाली घाईघाईने म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "ही आमची नेहमीची बाई नाही. माणूस मिळालं नाही म्हणून आणली. मेहरूणची आहे. जीनत."

"जीनत?" जीवराम एक पाऊल मागे सरले. "माझ्या स्वयंपाकघरात? पुन्हा करा सगळं. पहिल्यापासून. आणि हिला आधी बाहेर काढा."

रूपालीने गोमूत्राची बाटली उघडली. भागाबाईने पुसलेल्या फरशीवर, फ्रिजच्या दारावर ती ओतत गेली. जीनतकडे तिने बघितलं नाही. खालच्या मानेनेच म्हणाली, "उद्यापासून येऊ नको, आपा."

जीनत आपली चप्पल शोधत होती. भागाबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू पुनम नही शे?"

"नाही, मावशी."

"मंग माले कसाले सांगं?"

जीनतने चप्पल पायात सरकवली.

"बठ्ठा लोक माले खोटंच सांगतस," भागाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जीनतला सोसेना. "मनी पोरबी सांगे. फोनवर म्हने, माय, मी सुखमा शे."

ओसरीवर सुलक्षणाच्या साड्यांचं गाठोडं ठेवलं होतं. ते उचलून भागाबाई रिक्षात बसली.

जीनत चालत स्टँडवर आली. जळगावची बस लागली होती, सगळ्या जागा भरल्या होत्या. दांडीला धरून ती उभी राहिली, तेव्हा तिला खिडकीशी भागाबाई दिसली. शेजारच्या जागेवर तिने ते गाठोडं बसवलं होतं.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, गाठोडं मांडीवर घ्या. ह्या बाईंना बसू द्या."

"तेनं तिकीट काढेल शे मी," भागाबाई म्हणाली.

कंडक्टर हसायला गेला, पण तिच्या हातात खरंच पारोळ्याची दोन तिकिटं होती.

"राहू द्या, भाऊ," जीनत म्हणाली.

गावाबाहेर रस्त्याचं काम चालू होतं. बस आदळली, तसं गाठोडं कलंडून कडेला आलं. जीनतने ते पडता पडता धरलं आणि पुन्हा नीट बसवलं. भागाबाईने तिच्या हाताकडे पाहिलं. तोंडाकडे पाहिलं नाही. मग ती खिडकीबाहेर बघू लागली.

फागण्याला बरीच माणसं उतरली आणि मागच्या जागा रिकाम्या झाल्या. कंडक्टरने जीनतला तिकडे खुणावलं. पारोळा येईपर्यंत ती तिथेच उभी होती, गाठोड्यावर हात ठेवून.