दिवा झुकला, ठपका सुनेवर

साहेब, वीज वाटणारे तुम्ही, तुमच्या तारेपायी एक सून घराबाहेर गेली. तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही गप्प बसलात.

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका गल्लीतला जुना बिजलीचा दिवा. काचेच्या पोटात केसासारखी तार घेऊन, गवतात गुंडाळून, विलायतेहून बोटीतून आलो. गिरणीत काम करणाऱ्या भीमानं मला घरी नेलं. गल्लीत बिजली घेतलेलं तेवढं एकच घर. संध्याकाळी मी लागलो की भीमाची आई मथुराबाई मला हात जोडी. इतका मान मला कुणी दिला नव्हता.

मग चैत्रात दोन गोष्टी एकदम झाल्या. भीमाचं लग्न झालं, आणि गल्लीच्या टोकाला बर्फाचा कारखाना निघाला. त्याची मोटर दिवेलागणीलाच सुरू होई.

भरलेली गाडी जागची हलवताना बैल गुडघ्यावर येतात, चाक फिरलं की निवांत चालतात. मोटरीचंही तसंच. उभी मोटर फिरवायला चालत्या मोटरीच्या कितीतरी पट वीज लागते. कारखान्याला आणि आम्हाला तार एकच, तीही बारीक. मोटर वीज ओढू लागली की त्या तारेतच विजेचा दाब खर्ची पडे. माझ्यापर्यंत पुरता पोचत नसे. पोटातली तार तापत नसे, मी लालसर होई. मोटरीनं वेग घेतला की पुन्हा उजळे.

पण आता मथुराबाईऐवजी नव्या सुनेनं, कस्तुरानं, पहिल्या संध्याकाळी हात जोडले आणि नेमका तेव्हाच मी मंद होऊन झुकलो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"पायगुण वाईट हाय हिचा," मथुराबाई म्हणाली. "दिवा सुदिक मान खाली घालतो हिला बघून."

शेजारची मायाक्का दारातून म्हणाली, "लाजतोय त्यो. सून देखणी हाय की."

मथुराबाई हसली नाही. कस्तुरा खाली बघून भाकऱ्या थापत राहिली. मला तोंड असतं तर!

भीमा तुमच्या कचेरीत आला होता, साहेब. मोटर लागली की दिवा झुकतो, एवढं त्यानं स्वच्छ सांगितलं. तुमचा कारकून म्हणाला, तार ठीक आहे, दिवा म्हातारा झालाय, नवा घ्या. भीमानं घेतला. मी कोनाड्यात गेलो.

कस्तुरासमोर नवा दिवाही झुकला. आता मथुराबाईला पुरावाच मिळाला. कचेरीनंच तार ठीक म्हटलेली, तिनं पोरीला मंद्रूपला माहेरी धाडलं.

त्याच संध्याकाळी मथुराबाईनं एकटीनं हात जोडले. दिवा झुकला. जोडलेले हात तसेच राहिले.

"आता कुणाचा पायगुण गं, मथुरे?" मायाक्कानं हळूच विचारलं.

सकाळी मथुराबाई स्वतः मंद्रूपला गेली. रिकामी परतली. कस्तुराच्या बापानं, धुळाप्पानं, जे ऐकवलं ते तिनं भीमाला सांगितलं. आपण चुकलो म्हणून तिनं पदर पसरला, तर तो म्हणाला, "चूक कबूल केली, बरं झालं. पर दिवा तुमच्यानं झुकला न्हाई, माज्या पोरीनंबी न्हाई. मग कुणाच्यानं? ते चार माणसांत सांगा, मग पोर धाडतो."

मित्रांनो, दिवा झुकला तर आधी तार बघा. माणसावर बोट नंतर.

आणि साहेब, धुळाप्पा विचारतोय. दिवा कुणाच्यानं झुकला? चार माणसांत येऊन सांगा.