बशीरभाऊंची पांढरी अम्बॅसॅडर

मी एक जुनी अम्बॅसॅडर गाडी आहे. मित्रांनो, हसू नका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला नुसते चित्रात पाहिले असेल, म्हणून सांगते. माझे नाक गोल आहे, पोट मोठे आहे आणि आवाज भारदस्त आहे. एकेकाळी माझ्यातून साहेब उतरले की पहारेकरी सलाम ठोकायचा. तो सलाम साहेबांना होता की मला, हे मी कधी विचारले नाही. उत्तर मला ठाऊक होते.

माझा जन्म बंगालमधल्या कारखान्यात झाला. चंद्रपुरात एका कंत्राटदाराकडे मी चार वर्षे मजेत काढली आणि मग त्याने मला एटापल्लीच्या बशीर शेखना विकून टाकले. एटापल्ली हे नाव ऐकून माझ्या तोंडचे पाणी पळाले. चहूकडे जंगल, रस्त्यात नाले, पावसाळ्यात पूल पाण्याखाली. तिथे जीपगाड्यांचे राज्य होते. या नाजूक बाईचे इथे काय काम, असेच त्या माझ्याकडे बघायच्या. पण बशीरभाऊंनी माझ्या टपावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू चाल, बाकी मी पाह्यतो." तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. पुढची तीस वर्षे मी चालले आणि त्यांनी पाहिले.

किती माणसे वाहिली मी! आलापल्लीच्या बाजारला, अहेरीच्या दवाखान्यात, शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला. जत्रेला जाताना माझ्या पोटात नऊ माणसे आणि टपावर त्यांची गाठोडी असायची. कंबर मोडायची, पण माझी ऐट कमी झाली नाही. एकदा भर दुपारी जवळच्या पाड्यावरची मंगली नावाची माडिया बाई बाळंत होण्यासाठी निघाली होती. दवाखाना दूर राहिला आणि माझ्या मागच्या सीटवरच तिला मुलगा झाला. मंगलीची सासू आत होती. बशीरभाऊंनी अंगातला सदरा काढून काचेला टांगला आणि स्वतः पाठ फिरवून रस्त्यात उभे राहिले. येणाऱ्या गाड्यांना ते ओरडून लांब थांबवत होते. मुलाचे नाव लालसू ठेवले. तेव्हापासून मंगली दर उन्हाळ्यात चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, फळे घेऊन बशीरभाऊंच्या घरी येते. सलीमाबाईंची, म्हणजे बशीरभाऊंच्या पत्नीची, आणि तिची त्यातूनच मैत्री जमली.

मग बशीरभाऊंच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. आधी त्यांना बाजूचे दिसेनासे झाले, पण त्यांनी कुणाला सांगितले नाही. मला मात्र कळत होते. ते मला रस्त्याच्या मधोमध चालवू लागले होते. एके दिवशी वनखात्याच्या नाक्यावरचा आडवा बांबू त्यांना दिसलाच नाही आणि तो मी तोडला. कुणाला लागले नाही, पण ते उतरले आणि तुटलेला बांबू हाताने चाचपत राहिले. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. आता त्यांना उजेड, अंधार आणि पांढरे काही असेल तर तेवढे अंधुक दिसते.

त्या दिवसापासून त्यांनी मला हात लावला नाही. घरामागच्या पत्र्याखाली मी तीन वर्षे उभी राहिले. माझ्या पुढच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. पण माझे दुःख मी गिळले असते. बशीरभाऊच आतल्या खाटेवरून उठेनासे झाले, हे मला सोसत नव्हते. कुणी बोलवायला आले की ते म्हणायचे, "ते बाहेरची भंगार अन् मी आतला भंगार."

त्यांची मुलगी शिरीन तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका आहे. तिने चंद्रपुरात गाड्या रंगवणाऱ्या आपल्या भावाला, सलमानला, फोन केला. ती माझ्याजवळ उभी राहूनच बोलत होती.

"भाई, पंधरा दिवस सुट्टी काढून ये. गाडी सुधरवू. गाडी पुन्हा चालली तं अब्बा उठतील. नाई तं आता उठतच नाईत."

सलमान आला. घरच्या अंगणातच माझे काम सुरू झाले. दोन दिवस खपून त्याने इंजिन चालू केले आणि माझ्या घशातून तीन वर्षांचा खोकला बाहेर पडला. सलीमाबाईंनी शिलाई मशीनवर सीटचे कव्हर शिवले. शिरीनने सुट्टीच्या दिवशी वायरी बदलल्या. मग सलमानने गंजलेला भाग कापला, नवा पत्रा जोडला आणि घासून घासून माझा जुना रंग पार उतरवला. अंगणात सगळ्यांसमोर उघड्या पत्र्याने उभे राहायचे म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचे!

रंगाआधी मारायचे प्रायमर मात्र अहेरीत मिळाले नाही. ते आणायला सलमान चंद्रपूरला गेला आणि तेवढ्यात आभाळ भरून आले. हवा ओली झाली. मंगली घरी आलेली होती. ती सलीमाबाईंना म्हणाली, "बाई, उघडं लोखंड हाय. रातीतून गंजल." मंगलीच्या घरी कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ, काहीही ठेवून द्यायचे असले की आधी त्याला टोळीचे तेल लावतात. टोळी म्हणजे मोहाची बी. मंगलीने घरून डबा आणला आणि दोघी मैत्रिणींनी मला नाकापासून शेपटापर्यंत तेल चोळले. मायेने चोळले हो! मला तर झोपच लागली. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर त्यांनी मला कापडाने लख्ख पुसले आणि ती गोष्ट विसरूनही गेल्या.

सलमानने प्रायमर मारले आणि बघता बघता ते जागोजागी फाटले. देवीचे व्रण असावेत तसे खड्डेच खड्डे पडले. त्याने ते खरवडून पुन्हा मारले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झाले, तेव्हा त्याने हातातली रंग फवारायची बंदूक खाली ठेवली. सुट्टीचे पाचच दिवस उरले होते.

"पत्राच मेला," तो म्हणाला. "रंग धरूनच नाई राह्यला. उद्या भंगारवाल्याले बोलावतो."

"हळू बोल, अब्बा ऐकतील," शिरीन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

पण त्यांनी ऐकलेच होते. आत खाट करकरली. भिंत धरत, पायाने उंबरा चाचपत बशीरभाऊ अंगणात आले. तीन वर्षांनी! कुणी हात द्यायला पुढे झाले, तर त्यांनी तो झिडकारला. माझ्याजवळ येऊन त्यांनी बोनेटवर तळवा ठेवला आणि हळूहळू फिरवला. मग बोटे एकमेकांवर घासली आणि नाकाशी नेली.

"टोळीचं तेल," ते म्हणाले. "कोणं लावलं?"

सलीमाबाईंनी तोंडाला पदर लावला. मंगली तिथेच होती. ती पुढे आली.

"मी लावलं, बशीरभाऊ. गंज नको चढाले म्हणून. मले का मालूम, रंग बसणार नाई म्हणून. माह्यामुळे गाडी गेली."

"माह्यामुळे बी," सलीमाबाई म्हणाल्या.

मला वाटले, आता भाऊ चिडणार. पण ते हसू लागले. त्यांचे हसणे मी विसरूनच गेले होते.

"गाडी कुठी गेली? तेल नसतं लावलं तं पत्रा लाल झाला असता. तुमी वाचवला त्याले. सलमान, लेका, चंद्रपुरात शिकलास अन् प्रायमरच्या आधी पत्रा थिनरनं धुतला काऊन नाई?"

सलमानने कान पकडले.

त्यानंतर कामाचे मालक बशीरभाऊच झाले. सलीमाबाईंनी गरम पाणी केले. मंगलीने रिठे आणून उकळले. रिठ्याने मला आंघोळ घातली, मग थिनरने पुसले, पुन्हा घासले. प्रत्येक भाग झाला की सलमान म्हणायचा, "अब्बा, पाहा." अब्बा तळव्याने पाहायचे. "इथी अजून चिकट आहे. इथी उंच आहे, घास." डोळे असलेल्या चार माणसांना दिसत नव्हते ते त्या एका तळव्याला कळत होते. ते अंगणातच जेवू लागले.

"रंग कोणता देऊ, अब्बा?" सलमानने विचारले.

"पांढराच. तेवढा मले दिसते."

या वेळी रंग बसला. सुट्टीच्या शेवटच्या सकाळी शिरीन माझ्या चाकामागे बसली. सलमान, सलीमाबाई आणि मंगली मागे बसले. बशीरभाऊ मात्र दाराशीच अडून राहिले. "मी चालवणारा माणूस आहे. बसून जाणारा नाई." मी घुरघुरत थांबले. ते आले नसते, तर माझा रंग काय चाटायचा होता?

शिरीन म्हणाली, "मले या रस्त्याची सवय नाई, अब्बा. तुमी सांगाल तशी चालवतो."

मग डावीकडचे दार उघडले आणि ते शिरीनशेजारी बसले.

आम्ही आलापल्लीच्या रस्त्याला लागलो. "आता उतार. आता नाला. गिअर टाक," ते सांगत होते आणि एकही चुकत नव्हते. मग म्हणाले, "पुढं डाव्या अंगाले मोठा खड्डा आहे. उजवीकडून घे."

समोर गुळगुळीत डांबर होते. खड्डा केव्हाच बुजवलेला होता. शिरीनने मला उजवीकडून घेतले.

बशीरभाऊंनी कान दिला. "बुजवला का खड्डा?"

"हो, अब्बा."

"मंग वळवली काऊन?"

"तुमी सांगितलं म्हणून."

त्यांनी हात लांब करून माझ्या डॅशबोर्डवर ठेवला, आणि तो हात ओला होता, कारण आधी त्यांनी डोळे पुसले होते.

मित्रांनो, जुनी गाडी घरी असेल तर तिला पुसा, तिचे तेलपाणी बघा. पण पुसून कोपऱ्यात ठेवू नका, तिला रस्त्यावर न्या. आणि घरात कुणी थकून खाटेला टेकले असेल, तर त्याला शेजारी बसवा आणि रस्ता विचारा.