साबणाने न जाणारा निळा रंग

बायको गेली, हे डॉक्टरांनी वॉर्डातून बाहेर येऊन सांगितलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. कुलूपवाला बाकावरून उठला आणि परत बसला.

"बोटं, ओठ निळे पडायचे त्यांचे. कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"रंग होता तो. जीन्स शिवायची ना ती."

"रंग धुतला की जातो. हृदय थकलं होतं त्यांचं. रक्तात प्राणवायू कमी पडत होता."

रंग धुतला की जातो, हे त्याने आधीही ऐकलं होतं, मास्तरच्या तोंडून.

मास्तर म्हणजे तिच्या शिवणकारखान्यात कापड कापणारा. नव्या जाड कापडाचा रंग तिथे सगळ्यांच्याच हातांना लागायचा. नवऱ्याचे हात वंगणाने काळे, बायकोचे निळे. "आपल्या घरात स्वच्छ हात फक्त पाहुण्यांचे," ती म्हणायची.

दोन महिन्यांपूर्वी मास्तर किल्ली करून घ्यायला दुकानात आला.

"दादा, एक सांगू? सुटताना आम्ही सगळे साबणाने हात धुतो. माझे साफ होतात. वहिनींची नखं निळीच राहतात. सुटीनंतर येतात तेव्हाही तशीच. डॉक्टरला दाखवा."

कुलूपवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली. "माझ्या बायकोची नखं बघायला ठेवलंय का तुम्हाला तिथे?"

"तसं नाही हो, दादा..."

"निघा."

मास्तर किल्ली न घेताच गेला.

"उद्यापासून कामावर जायचं नाही," त्याने घरी फर्मान काढलं. "मास्तरला तुझ्या नखांची फार काळजी."

"अहो, माझ्या वयाची सून आहे त्याला!" ती हसत सुटली, आणि हसता हसता दम लागून खालीच बसली. त्याला वाटलं, नाटक करतेय.

ती घरी राहिली. तो रोज तिची बोटं बघायचा. पंधरा दिवस झाले तरी निळं काही हटेना. म्हणजे ही चोरून जाते, त्याने ठरवून टाकलं. दाराच्या कुलपाच्या भोकात त्याने मेणाचा बारीक कण बसवला. कुलूप लावून ती बाहेर पडली, तर किल्लीने मेण चेपणार. संध्याकाळी मेण जसंच्या तसं होतं. तरी त्याचं समाधान होईना. नुसतं दार ओढून जात असेल, तो मनाशी म्हणाला.

ती गेल्यावर आठवड्याने मास्तर दारात आला. तिची कात्री आणि खुर्चीवरची उशी घेऊन.

"दादा, वहिनींच्या वस्तू."

कुलूपवाल्याची नजर आधी त्याच्या हातांवर गेली. स्वच्छ होते. तेवढ्यानेही त्याचा जळफळाट झाला. मी रोज तीच बोटं बघत होतो, आणि कळलं ते याला! त्याने वस्तू घेतल्या आणि दार लावलं.

मास्तरची किल्ली अजून दुकानात खिळ्याला लटकते आहे. ती त्याला द्यायची राहिली आहे. त्याचं म्हणणं खरं होतं, हे सांगायचंही राहिलं आहे.