उतरायला मनाई

मी रस्त्यांचा नकाशा बोलतोय. कापडावर चिकटवलेला, सोळा घड्यांचा, दोन कोपरे झिजलेला. सध्या माझा मुक्काम एका पलंगावर, गादीखाली आहे. माझ्यावर दोन म्हातारी माणसं झोपतात, आणि कामापलीकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

माझा जन्म छापखान्यातला. माझ्याबरोबर निघालेली बहुतेक भावंडं कचेऱ्यांच्या भिंतींवर गेली आणि उन्हानं पिवळी पडली. मी एका स्टेशनरीच्या दुकानात दोन वर्षं गुंडाळून पडलो होतो. एके दिवशी एका उंच, जरा पोक आलेल्या गृहस्थांनी मला काउंटरवर पसरलं, खिशातून भिंग काढलं आणि इंच इंच तपासून म्हणाले, "यात नदीवरचा नवा पूल नाही."

"मग दुसरा दाखवू?" दुकानदार म्हणाला.

"नको, हाच द्या. पूल मी काढतो."

हे माझे धनी. रस्ते खात्यात मोजणी करण्यात उभी हयात गेली, म्हणून सगळे त्यांना मोजणीदारच म्हणत. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नातवंडं खेळवतात. मोजणीदारांना दोन्ही नव्हतं. त्यांच्या नशिबी जुन्या मोटारींचा क्लब आला.

या क्लबातल्या लोकांकडे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारी होत्या. वर्षातून एकदा त्या सगळ्या मिळून सहा दिवसांच्या सफरीवर निघत. दीड हजार किलोमीटर, चाळीसेक गाड्या. मिरवायला सगळे पुढे, पण कुठून जायचं, कुठे थांबायचं, हे ठरवणार कोण? ते काम मोजणीदारांच्या गळ्यात पडलं. त्यांच्याकडे स्वतःची जुनी मोटार नव्हती. एक साधी, लहानशी गाडी होती, आणि शेजारच्या सीटवर बसायला बायको होती. क्लबातल्या सगळ्यांच्या त्या वहिनी. मीही त्यांना वहिनीच म्हणतो.

रस्ता आखणं म्हणजे माझ्यावर रेघ ओढणं, असं तुम्हाला वाटत असेल. रेघ ओढायला मिनिट लागतं. या दोघांना आठ महिने लागत. प्रत्येक वाट तीनदा व्हायची. एकदा शोधायला, एकदा लिहायला आणि एकदा सफरीच्या आधीच्या आठवड्यात, कुणी खणून तर ठेवली नाही ना, ते बघायला. जुन्या गाडीला रेल्वेच्या फाटकाशी अर्धा तास उभं राहणं सोसत नाही, इंजिन तापतं. तिचं पोट जमिनीला लागायला आलेलं असतं, म्हणून वहिनी खाली उतरून प्रत्येक गतिरोधकाची उंची पट्टीनं मोजत. पेट्रोल पंप कुठे, सावली कुठे, लांबलचक गाडी वळेल एवढी जागा कुठे, सगळं वहीत जायचं. वहिनी मीटरवर नजर ठेवून ओरडत, "बारा पूर्णांक चार, पाण्याची टाकी, उजवीकडे!" आणि मोजणीदार डावीकडे वळत.

"अहो, उजवीकडे म्हणाले मी!"

"तू म्हणतेस उजवीकडे आणि हात करतेस डावीकडे."

"मग हात कशाला बघता? कान कशाला दिलेत देवानं?"

मग गाडी मागे घ्यायची आणि दोघं हसायची. ते हसणं मी दहा वर्षं ऐकलं. आता आठवलं की माझ्या घड्या दुखतात.

अकराव्या वर्षी चौथ्या दिवसाचा मुक्काम एका तळ्याकाठच्या हॉटेलात ठरला. तिथे जायला दोन रस्ते. एक डोंगरावरून, जवळचा आणि देखणा. दुसरा खालून, बासष्ट किलोमीटर जास्त, सिमेंटच्या कारखान्यावरून जाणारा, धुळीनं माखलेला. मोजणीदारांनी आधी डोंगर धरला. माथ्यावरून तळं आरशासारखं दिसलं. वहिनी म्हणाल्या, "हाच घ्या हो. डोळ्यांचं पारणं फिटेल लोकांच्या."

मग उतार सुरू झाला. अकरा किलोमीटर, एकोणीस वळणं, मध्ये सपाटीचा तुकडा म्हणून नाही. पायथ्याशी पोहोचलो तेव्हा गाडीत जळका वास भरला होता. मोजणीदारांनी उतरून बाटलीतलं पाणी पुढच्या चाकावर शिंपडलं. चर्र झालं आणि वाफ निघाली.

"आपल्या चिमुरडीची ही गत," ते म्हणाले, "तर त्या दोन-दोन टनांच्या धुडांचं काय होईल? त्यांचे ब्रेक आपल्या जन्माआधीचे."

तिथेच बॉनेटवर मला पसरून त्यांनी वहिनींच्या हातात लाल पेन्सिल दिली. वहिनींनी त्या उतारावर जाड फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'उतरायला मनाई. ब्रेक तापतात.' तारीखही घातली.

क्लबाच्या बैठकीत अध्यक्षांना हे रुचलं नाही. अध्यक्ष म्हणजे भारदस्त माणूस. तपकिरी रंगाची उघड्या टपाची मोटार, आवाज लोण्यासारखा.

"अहो मोजणीदार, लोक काय सिमेंटचा कारखाना बघायला येणार आहेत? वरून तळं काय दिसतं! फोटो काढणारे येणार आहेत, हॉटेलवाले चहाला वाट बघणार आहेत."

"वर चढून तळं बघा आणि तसेच मागे फिरा," मोजणीदार म्हणाले. "त्या बाजूनं उतरू नका. मी रस्ता देणार नाही."

 अध्यक्ष हसले, माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "तुमचा शब्द शेवटचा, बाबा. आम्ही काय, नुसते चाक धरणारे चक्रधर."

तो हात फार मऊ होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी कागद. कागदाला कुणीही हात लावावा.

सफरीला तीन आठवडे उरले आणि वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोजणीदार रुग्णालयात बाहेरच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्या मांडीवर, नेहमीसारखा. तेवढ्यात क्लबाची टायपिस्ट धापा टाकत आली. हातात सहा दिवसांची पानं.

"छापखाना थांबलाय. प्रत्येक पानावर तुमची सही हवी, त्याशिवाय अध्यक्ष छापू देत नाहीत."

मोजणीदारांनी पानं माझ्यावर ठेवली आणि वाचायला घेतली. पहिला दिवस शब्दन्‌शब्द वाचला, एक आकडा दुरुस्त केला. दुसरा वाचला. तिसरा सुरू केला आणि आतून नर्सनं हाक मारली, "बाहेर आणलंय त्यांना. या."

ते उठले. परत बसले. आणि उरलेली पानं न वाचता त्यांनी भराभर सह्या केल्या. त्या सह्या माझ्या पाठीवर झाल्या. पेनाचं टोक मला एकेका पानातून टोचत होतं. चौथ्या दिवसाच्या पानावरही टोचलं.

आत वहिनी डोळ्यावर पट्टी बांधून पडल्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "पानं आली होती ना? तपासलीत?"

"सगळी तपासून दिली," मोजणीदार म्हणाले. "तू पड शांत."

सफर निघाली. तीन दिवस सुखात गेले. प्रत्येक दिवसाचं पान त्या-त्या सकाळीच वाटायचं, आधी कुणाला रस्ता कळू द्यायचा नाही, असा नियम होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी ताई आल्या. क्लबातल्या दातांच्या डॉक्टरांची थोरली बहीण. भाऊ गाडी चालवायचा, या शेजारी बसून रस्ता वाचायच्या. मोठी साय-रंगी मोटार होती त्यांची, वजनाला अख्ख्या सफरीत सगळ्यांत जड. ताई म्हणाल्या, "मोजणीदार, उद्याचं काही सांगायचं नाही हे माहीत आहे. पण टोपी घालू की रुमाल बांधू, एवढं तरी सांगा."

"रुमाल बांधा," मोजणीदार हसून म्हणाले. "उद्या धूळ खायची आहे."

चौथ्या दिवशी आम्ही सगळ्यांच्या आधी निघालो. फाट्यावर मोजणीदारांनी खालच्या रस्त्याकडे बाण लावला आणि आम्ही सिमेंटच्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन बसलो. तिथे प्रत्येक गाडीची वेळ नोंदायची होती. वहिनींनी घड्याळ मांडलं, शिक्का काढला. दहा वाजले. साडेदहा. अकरा. ट्रक येत होते, धूळ माझ्यावर बसत होती. जुनी मोटार एक नाही.

"चुकले का हो सगळे?" वहिनींनी विचारलं.

"चाळीस जण कसे चुकतील?"

हे बोलले आणि त्यांचा चेहरा उतरला. आम्ही उलटे फिरलो. फाट्यावर मोजणीदारांचा बाण गवतात पालथा पडला होता. डोंगराच्या रस्त्यावर दुसरा बाण उभा होता, छापील, रंगीत. तेवढ्यात सगळ्यांत मागून येणारी मिस्त्रींची गाडी पोहोचली. बंद पडलेल्यांना ओढून न्यायचं काम त्यांचं.

"तुम्ही इथे काय करताय?" मिस्त्रींनी विचारलं. "रस्ता तर वरून आहे." आणि त्यांनी चौथ्या दिवसाचं पान पुढे केलं.

मोजणीदारांनी ते वाचलं. खाली सही होती. त्यांनी पान घडी करून खिशात घातलं आणि इतकंच म्हणाले, "मिस्त्री, पुढे व्हा. लवकर."

चौदाव्या वळणावर गाड्या उभ्या होत्या. कठडा तुटला होता. साय-रंगी मोटार खाली झाडाला टेकली होती. डॉक्टर रस्त्यावर बसले होते, एका पायात बूट नव्हता. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "दाबत होतो हो. जमिनीपर्यंत दाबत होतो." मिस्त्री खाली उतरून गेले आणि थोड्या वेळानं वर आले ते मान खाली घालून. ताईंच्या डोक्याला रुमाल बांधलेला होता.

महिन्याभरानं क्लबाच्या हॉलमध्ये चौकशी झाली. वहिनींनी मला टेबलावर पसरलं. सभासद माना पुढे काढून बघत होते.

"ही फुली बघा, ही तारीख बघा," वहिनी म्हणाल्या. "याच टेबलावर यांनी नाही म्हटलं होतं. पान बदललं कुणी? बाण फिरवला कुणी?"

"वहिनी, तुमची तळमळ समजते," अध्यक्षांचा आवाज तसाच, लोण्यासारखा. "समितीनं बदल सुचवला होता. मोजणीदारांनी पाहिला, मान्य केला. सही समोर आहे. आम्ही चक्रधर, जाणकार ते."

मग दातांचे डॉक्टर उठले. काठी टेकत. ते रागावलेले नव्हते, म्हणून ऐकवत नव्हतं.

"ताईनं गाडी थांबवायला लावली होती फाट्यावर. म्हणाली, अरे, मोजणीदार तर धुळीचं म्हणाले होते, इथे धूळ कुठाय? मीच म्हटलं, पानावर त्यांची सही आहे ना? मग चल. त्यांचं पान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." ते बसले.

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "अहो, सांगा ना यांना! हे पान तुम्ही कधी पाहिलंच नव्हतं!"

"नव्हतं पाहिलं," मोजणीदार म्हणाले.

"मग ही सही खोटी आहे!"

"सही माझी आहे."

हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली.  वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "मी डोळ्यावर पट्टी बांधून विचारलं होतं तुम्हाला."

 वहिनींनी माझी घडी घातली. अकरा वर्षांत पहिल्यांदा चुकीची घातली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणून मोकळं व्हावं म्हटलं, तर संन्याशाच्या बोटांनाही शाई लागलेली. निकालात 'मार्ग आखणाऱ्याचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. पान बदलणाऱ्याबद्दल एक ओळ नाही. पुढच्या वर्षी सफर पुन्हा निघाली, दुसऱ्या कुणीतरी आखलेली. अध्यक्ष अजून अध्यक्षच आहेत. त्यांनी ताईंच्या नावानं एक ढाल ठेवली आहे. ज्याची मोटार सर्वांत चकचकीत, त्याला ती मिळते.

मोजणीदारांनी गाडी विकून टाकली आणि मला गादीखाली सारलं. भिंग कुठे ठेवलं, ठाऊक नाही. घरात बोलणं उरलं ते एवढंच. "जेवायला वाढलंय." "दूधवाला येऊन गेला." वहिनींनी त्यांना सोडलं नाही. त्यांना औषध वेळेवर देतात, शर्टाची बटणं लावतात. पण त्यांचं कुठलंही सांगणं त्या आता खरं धरत नाहीत. ते म्हणाले, दार लावलं, तर उठून बघून येतात. आणि ते बघून येणं मोजणीदार निमूट बघत राहतात.

गेल्या आठवड्यात फाटकाशी एक मोटार थांबली. खिडकी पलंगालगतच आहे आणि माझा एक कोपरा गादीबाहेर डोकावतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं आणि फाटकापुरतं दिसतं. चालवणारा घाबराघुबरा होता. मागच्या सीटवर कुणीतरी कण्हत होतं.

"आजोबा, मोठं रुग्णालय कुठून? पुलावरून जाऊ की बाजारातून?"

मोजणीदार अंगणात खुर्चीवर बसले होते. या गावातले गल्लीबोळ त्यांना तोंडपाठ. पूल दुरुस्तीसाठी बंद आहे, हे त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं.

"मला नाही माहीत," ते म्हणाले.

"अहो, इथेच राहता ना तुम्ही?"

"मला रस्ते विचारू नका."

वहिनी आतून पळत आल्या. "बाजारातून जा, बाजारातून! दुसरं वळण डावीकडे!" हात मात्र त्यांनी उजवीकडे केला. त्या माणसाची मोटार क्षणभर अडखळली आणि मग निघून गेली. कोणत्या बाजूला गेली, ते मला दिसलं नाही. फाटकाशी दोघं उभी राहिली. वहिनींना आपला हात उमगला होता आणि मोजणीदारांनाही तो दिसला होता. एके काळी इथे दोघं हसली असती.

 वहिनी रस्त्याकडे बघत राहिल्या.

वाचणाऱ्या माणसा, माझं आयुष्य आता फार उरलेलं नाही. घड्यांवर कापड विरलंय. मला बाहेर काढ, असं मी म्हणणार नाही. माझ्यावरची लाल फुली खरी होती, आणि ती खरी असून कुणाच्याही उपयोगी पडली नाही. एवढंच मागतो. कुणी तुझ्यासमोर कागद ठेवला आणि म्हणालं, फक्त सही कर, लोक खोळंबलेत, तर खोळंबू दे त्यांना. बस, आणि शेवटपर्यंत वाच.