लाल्या कर्जतला

गोदाने यंत्रात नाणं टाकलं आणि दांड्याला हातच लावला नाही.

"वैनी, दांडा हलवा की," गल्ल्यावरून कोंडाजी ओरडला. "नुसता उभा केलाय त्याला. मरंल तो."

"मरू दे, भावजी. कसा मरतो तेच बघायचंय."

कोंडाजीचा ढाबा चौक गावाला हमरस्त्यावर होता. वर्षापूर्वी त्याने मुंबईहून हे व्हिडिओ गेमचं कपाट आणून दाराशी बसवलं होतं. पेटलेल्या इमारतीच्या खिडक्यांतून माणसं खाली पडायची आणि पाठीवर लाल शेला बांधलेला एक वीर उडत जाऊन त्यांना झेलायचा. मधे लोखंडी पक्षी आडवे यायचे. कपाटावर त्याचं इंग्रजी नाव मोठ्या अक्षरांत होतं, पण ट्रकवाल्यांनी त्याचा केव्हाच लाल्या करून टाकला होता.

लाल्याला पक्ष्याची चोच लागली. तो दोनदा लुकलुकला, उलटा झाला आणि पडद्याच्या तळाशी जाऊन नाहीसा झाला. गोदाने स्वतःशीच मान हलवली, पिशवी उचलली आणि कर्जतची एसटी धरायला बाहेर पडली.

तिचा नवरा सखा या कपाटावरचा बादशहा होता. टेंपो घेऊन चौक-कर्जत फेऱ्या मारायचा आणि येता-जाता इथे थांबायचा. त्याचा खेळ बघायला लोक चहाचे कप घेऊन मागे उभे राहत. मग एकदा चाक बदलताना जॅक सरकला आणि त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. टेंपो विकला. कर्जतजवळ भिसेगावच्या घरी तो ओटीवर बसून राहू लागला. कोंडाजी दोनदा ढाब्यावर न्यायला आला होता.

"येऊन काय करू?" सखा म्हणाला होता. "एका हातानं दांडा धरू का बटण दाबू?"

आणि एकदा जेवताना, मीठ मागावं इतक्या सहज तो बोलला, "हाताऐवजी मान घावली असती त्या चाकाखाली, तर बरं झालं असतं."

गोदाने त्याच्या ताटात भात वाढला. दुसऱ्या दिवशी तिने हेडमास्तरांकडे रविवारी शाळेचा संगणक वापरायची परवानगी मागितली.

ती शाळेत गणित शिकवायची. सरकारी योजनेतून शाळेला संगणक मिळाला तेव्हा सुट्टीत प्रशिक्षणाला तिलाच पाठवलं होतं. त्या यंत्रात मुलं फार तर पाढे छापून बघत. गोदा एकेक ओळ लिहून त्यात लाल्याला उतरवू लागली. ढाब्यावरचं सगळं काही त्यात मावत नव्हतं. इमारत नुसत्या रेघांची झाली, आग पिवळ्या ठिपक्यांची. शेल्याची फडफड सोडून द्यावी लागली. वाजंत्रीच्या जागी पीं असा एकच आवाज उरला. पण लाल्या उडायला लागला, झेलायला लागला. आणि सगळा खेळ तिने डाव्या हाताच्या बोटांखालच्या तीन कळांवर आणून ठेवला. भातकापणी उरकेपर्यंत तिचे रविवार त्यातच गेले.

सखाला खेळ दाखवायला न्यायचं ठरलं त्या सकाळी ती आधी एकटीच शाळेत गेली. यंत्र सुरू केलं, कॅसेटवर साठवलेला खेळ चढवला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. मग लाल्या मरायच्या ओळी तिने पुसून टाकल्या.

सखा कुरकुरतच आला. खुर्चीत टेकला, डावा हात कळांवर ठेवला. पहिला माणूस निसटला. दुसरा झेलला.

"आयला," तो पुटपुटला आणि पुढे सरकून बसला.

गोदा खिडकीशी उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत होती. पाठ सैल पडली, खांदे हलू लागले. थोड्या वेळाने ते थांबले. सखाने लाल्याला मुद्दाम पक्ष्याच्या चोचीवर नेलं. पीं. लाल्या तसाच. त्याने परत नेलं. मग कळांवरचा हात उचलला.

"गोदे, हा मरत का नाय?"

"राहिलं आसंल लिवायचं."

"मरन बघायला तू चौकला गेलतीस. कोंडाजी बोललाय मला."

खाली पटांगणात कुणीतरी हापसा मारत होतं.

"माज्यासाठी काढलंस?"

तिने पदराने खिडकीच्या गजावरची धूळ पुसली.

"मग झेलतोय त्याला काय अर्थ हाय गं? कायच होनार नसंल त्याला, तर कुनीबी झेलंल," सखा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो उठला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. "घाल ते परत."

गोदा बसली. पहिली ओळ तिची दोनदा चुकली.

"उलटा होतो तो आधी," मागून सखा म्हणाला.

"म्हाइत हाय मला."

लाल्या मेला तो लगेचच. सखाने एक कचकचीत शिवी हासडली, शाळा आहे हे आठवून जीभ चावली आणि पुन्हा सुरू केलं. पुन्हा मेला. तिसऱ्या खेपेला इमारतीतली बरीच माणसं वाचली. सखाच्या कपाळावर घाम आला होता.

"आता तू बस," तो म्हणाला.

"मला नाय येत."

"लिवलंस तू, अन् येत नाय? बस."

गोदाने बोटं कळांवर ठेवली. खिडकीतून एक बाई पडू लागली तशी ती गोंधळली आणि लाल्या भलत्याच बाजूला उडाला.

"डावीकडं! डावीकडं घे गं, पक्षी आला!"

सखा तिच्यावर पुरता वाकला होता. डाव्या हाताने तो पडद्यावर दाखवत होता आणि तोल सावरायला त्याने दुसरा हात तिच्या खांद्यावर टेकवला होता. अपघात झाल्यापासून तो हात त्याने कुणाला लागू दिला नव्हता, तिलासुद्धा. मनगटापाशी बंद झालेलं ते टोक तिच्या लुगड्यावर दाबत होतं, गरम आणि गोल.

गोदाने मान वळवली नाही. पडद्यावर काय चाललंय तेही तिला नीट दिसेना. लाल्या उलटा होऊन खाली गेला.

"परत लाव," सखा म्हणाला.