चार बोल्टांचा खांब

"सर म्हणतात, खांब खाली आवळायचा नाही, नुसता बसवायचा," तेजल म्हणाली आणि निवृत्तीनं मुद्दाम ग्राइंडर चालू केला.

ठिणग्या उडाल्या. तेजल हसत मागं सरली, आवाज थांबेपर्यंत उभी राहिली आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाली. तेही पहिल्या 'सर'पासून.

आंबी गावातलं हे वर्कशॉप तेजलच्या चुलत्याचं, निवृत्तीचं. त्याला आणि त्याच्या बायकोला, शालनला, मूल नव्हतं. धाकट्या भावाची ही पोर चालायला लागली ती या लोखंडातच. ओळंबा कसा धरायचा, खडू जिभेला लावून ओढला की तेलकट पट्टीवरही रेघ कशी टिकते, हे सगळं तिला त्यानंच शिकवलं. ती इंजिनिअर झाली तेव्हा गावभर पेढेही त्यानंच वाटले. पुढं तिला लोणावळ्यात, एका चिक्कीच्या दुकानावरच्या ऑफिसात नोकरी लागली आणि तिच्या बोलण्यात सर आले. सर हे म्हणतात, सर ते म्हणतात. चहा पिताना सुद्धा, सर बिनसाखरेचा घेतात! निवृत्तीनं या गृहस्थाला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा त्याला मनापासून मत्सर वाटे. दर शनिवारी तेजल चिक्कीचा पुडा घेऊन आली की तो मत्सर आणखी थोडा वाढे.

"सरांनी दिलीय, घरच्यांसाठी."

"माजं दात दुखत्यात," निवृत्ती म्हणायचा.

"व्हय तर! काल ऊस सोलून खाल्ला तवा न्हाई दुखलं?" शालन म्हणायची, आणि पुडा फोडायची.

आता काम होतं ते वस्तीतल्या विहारापुढच्या शेडचं. डिझाइन तेजलच्या ऑफिसातून आलं होतं, उभारणी निवृत्तीची. खांबांचे खड्डे नकाशाप्रमाणं खणून त्यांच्या तळाचं काँक्रीट भरूनही झालं होतं. आज तिनं खांबांच्या बुडाचा कागद आणला होता. लहानशी प्लेट आणि खांबाच्या पोटातच बसतील असे चार बोल्ट.

"आन तिरकोनी पट्ट्या कुटं हायेत?"

"नाहीत. हा पिन बेस आहे, नाना. वारा आला की खांब पायाशी जरासा फिरतो, म्हणून खालच्या काँक्रीटला मुरगळा बसत नाही. बूड आवळून फिक्स करायचं असेल तर खाली पायाही खूप मोठा घालावा लागतो. आपण वरचे कोपरे दणकट केलेत, खाली चार बोल्ट पुरे."

"फिरतोय म्हनं! खांब हाय का दार हाय? तुज्या मास्तरनं आपल्या हातानं येक तरी शेड उबी केलीया का?"

"नाना, ऐका तरी."

"आयकलं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सरांचाच होता. ती बोलत बोलत दाराबाहेर गेली आणि तिथं कशावरून तरी खळखळून हसली. लहानपणी ती तशी हसायची ती फक्त निवृत्तीच्या गमतींवर. त्याच मिनिटाला त्यानं ठरवलं की मास्तरच्या चार बोल्टांवर आपली शेड उभी राहणार नाही.

त्यानं दुप्पट जाडीची प्लेट कापली. खांबाच्या बाहेरून आठ बोल्ट घेतले आणि चारी बाजूंनी त्रिकोणी पट्ट्या वेल्ड केल्या. खालचा पाया मात्र होता तेवढाच राहिला. ही गोष्ट त्याला कळत नव्हती असं नाही. पण त्या दिवसांत त्याला पाया दिसतच नव्हता, मास्तर दिसत होता. वरून काँक्रीट ओतून त्यानं सगळं झाकून टाकलं. तेजल तेव्हा तिकोणा पेठेकडच्या एका रिसॉर्टच्या कामात अडकली होती, ती बघायला आलीच नाही. वस्तीतल्या लोकांनी खांब हलवून पाहिले आणि "नानाचं काम! हत्ती बांदा," म्हणाले. निवृत्तीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मेच्या अखेरीस एका दुपारी वळवाचं वारं सुटलं. ओढ्याकडच्या बाजूला खांबांची बुडं तडकली आणि दोन खांब पायासकट बाहेर कलले. विहारात बसलेल्या बाया पोराबाळांना घेऊन बाहेर पळाल्या. कुणाला काही झालं नाही, एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजल आली तोवर निवृत्तीनं कललेल्या खांबांना टेकू लावले होते. ती उकिडवी बसली आणि पहारीनं तडकलेलं काँक्रीट उकलू लागली. आतून त्रिकोणी पट्टी दिसली. मग बाहेरचा बोल्ट. तिनं मान वर केली.

"हे तुम्ही केलंत?"

"मास्तरचं डिझाइन कच्चं व्हतं."

"सरांचं नव्हतं, नाना. माझं होतं. मी एकटीनं केलेलं पहिलं काम." तिनं पहार खाली टाकली. "माझं म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता, म्हणून सरांचं नाव घेतलं. ही जागा ओढा बुजवून केलेली. लहानपणी हितं मांडव घालताना तुम्हीच म्हणाला होता, भरावावर खांबाचा पाय आवळू नये, नुसता टेकवावा आणि वरनं घट्ट बांधावा. मी तेवढंच केलं."

निवृत्तीला तो मांडव आठवला. आपण हे बोललो होतो हे मात्र तो पार विसरून गेला होता.

"सर बघायला येणार होते," ती म्हणाली. "मीच नको म्हणाले. म्हटलं, नाना करतायत, बघायचं काय त्यात?"

तिनं फोन काढला.

"काय सांगनार त्येला?"

"चूक झाली म्हणून. माझी. मी जागेवर आले नाही ना."

पलीकडे घंटा वाजू लागली. निवृत्तीनं हात पुढं केला आणि फोन तिच्या हातातून काढून घेतला. त्याला लाज वाटत होती, आणि रागही अजून पुरता गेला नव्हता.

"नमस्कार," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडातून कसाबसा निघाला. "नमस्कार, सर. मी तेजलचा नाना. पोरीची चूक न्हाई. तिनं बराबर दिलतं, मी बदललं."

पलीकडून आवाज आला, "अहो, म्हणजे तुम्हीच का ते नाना? ही दिवसभर इथं 'नाना म्हणतात, नाना म्हणतात' करत असते. माझं कोण ऐकतंय! बोला, किती खांब कललेत?"

निवृत्तीनं खाली पाहिलं. तेजलनं खिशातून खडू काढून जिभेला लावला होता आणि त्यानं वेल्ड केलेल्या पट्टीवर, जिथून ती कापायची तिथं, सरळ रेघ ओढत होती.

"दोन, सर," तो म्हणाला, आणि मोकळ्या हातानं ग्राइंडर जवळ ओढला.